सभागृहाने लिहून दिलेली माफी

संपादकांनी मला जपानी शिस्तीचे अनुभव लिहायला सांगितलं. रांगा, स्वच्छता, मिनिट न चुकवणारी ट्रेन. ते तुम्ही दर दिवाळीला वाचता आणि वाचून झालं की आपल्या रस्त्याकडे बघून चुकचुकता. मी ते लिहिणार नाही. शिस्तीबद्दलच लिहिते, पण एका बाईंवर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्यांच्याबद्दल.

बाईंना मी इथे कुमागाई-सान म्हणते. नाव बदललं आहे. खरं नाव छापायला त्यांची हरकत नव्हती, माझी होती. सेंदाईपासून दीडेक तासावर समुद्राकाठी एक लहान गाव आहे, आपल्याकडच्या नगरपंचायतीएवढं. तिथल्या परिषदेत त्या अपक्ष नगरसेविका. मी त्यांची मदतनीस. पगार नाही. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, आणि पोटापुरती मी सेंदाईत एका कॉम्बिनीत म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात बाइतो, म्हणजे तासांच्या हिशोबाने अर्धवेळ काम, करत होते. मला तिथे मत नाही, निवडणुकीला देणगी देता येत नाही. परदेशी माणसाला मनाई आहे. कागदाला घड्या घालायला मनाई नाही.

ओळख झाली ती बटाट्याच्या रश्श्यामुळे. त्सुनामीत घरं गेलेल्यांसाठी शाळेच्या मैदानावर तात्पुरती घरं उभारली होती, सगळे त्यांना कासेत्सु म्हणत. तिथे आंतरराष्ट्रीय मैत्रीच्या नावाखाली आम्हा परदेशी बायकांना स्वयंपाकाला बोलवायचे. मी रस्सा वाढत होते आणि मनातून चिडलेले होते, कारण ज्यांना पक्कं घर हवं त्यांना सरकार माझ्या हातचा बटाटा देत होतं. रांगेतल्या एका ठेंगण्या बाईंनी विचारलं, भारतात काय करायचीस? मी म्हटलं, पत्रकं लिहायचे. त्यांनी बशी पुढे केली आणि विचारलं, "कशाविरुद्ध?"

कशाबद्दल नाही, कशाविरुद्ध. तिथेच आमचं जमलं.

पत्रक मी पुण्यात शिकले, नदीकाठच्या वस्तीतली घरं वाचवायच्या मोहिमेत. एका कागदावर एकच मागणी. दोन लिहिल्या की अधिकारी सोपी असेल तिचं उत्तर देतात आणि फोटो काढून घेतात. जबाबदार कोण ते वरच्या तीन ओळींत. विशेषणं कमी. हा शेवटचा नियम मला कधीच जमला नाही, आणि माझ्या जपानीत तर विशेषणं फारशी नव्हतीच, म्हणून तिथली माझी पत्रकं पुण्यातल्यापेक्षा बरी झाली.

कुमागाई-सान यांचं पार्लर लाटेत गेलं होतं. आता एका पांढऱ्या कंटेनरमध्ये दोन खुर्च्या, एक आरसा आणि केस वाळवायचं एक यंत्र होतं. तेच त्यांचं जनसंपर्क कार्यालय. बायका केसांना रंग लावून बसायच्या आणि रंग चढेपर्यंत तक्रारी सांगायच्या. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लिहून घ्यायचे. एक निवृत्त गृहस्थ यायचे, डोक्यावर कापण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं, तरी यायचे. त्यांचा विषय एकच: कचऱ्याच्या पिशव्या फोडणारे कावळे. कुमागाई-सान यांनी तो प्रश्न खरोखर सभागृहात विचारला. सभासद हसले. पुढच्या महिन्यात कचऱ्यावरच्या जाळ्यांना शिशाची वजनं लागली. गृहस्थ आले आणि म्हणाले, आता कावळे माझ्याकडे रागाने बघतात.

कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिथे प्रश्न आधी लेखी द्यायचा असतो. उत्तरही आधी लिहिलेलं असतं. नगराध्यक्ष ते वाचतात, आपण आपला कागद वाचतो, भिंतीवरचं घड्याळ उलटं सरकतं, दोघं एकमेकांना वाकून खाली बसतात. मी पहिल्यांदा प्रेक्षकांच्या बाकावरून ते पाहिलं तेव्हा वाटलं, गॅदरिंगची तालीम चालली आहे. जो सभासद कुठल्याच गटात नाही त्याला वेळ सगळ्यांत कमी आणि पाळी सगळ्यांत शेवटी, स्थानिक वार्ताहर घरी गेल्यावर. अपक्षाच्या हातात खरी वस्तू एकच: लेखी प्रश्नाच्या उत्तरावर विचारायचा दुसरा, तोंडी प्रश्न.

म्हणूनच तो आधी कळावा यासाठी परिवहन विभागातला एक कारकून अधिवेशनाआधी पार्लरमध्ये यायचा. घामेजलेला, अतिशय नम्र, हातात मिठाईचा डबा. कुमागाई-सान म्हणायच्या, "केस वाढलेत तुमचे, बसा." मग त्याच्या गळ्याभोवती कापड, कात्री चालू, आणि त्याने विषय काढला की "मान खाली". तो दरवेळी छान कापलेले केस घेऊन आणि दुसरा प्रश्न न घेता जायचा.

आता बस.

कासेत्सु डोंगरावर होती. हॉस्पिटल शेजारच्या शहरात. मध्ये गावाची एक बस धावायची. त्सुनामीला पाच वर्षं होऊन गेली होती, बरीच माणसं नव्या घरांत गेली होती, म्हणून परिषदेने ठरवलं की मार्चअखेर कासेत्सु संपली. तिकडचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच मार्चअखेर संपतं, आणि आपल्यासारखंच, कागदावर संपलेली गोष्ट जमिनीवर संपलेली नसते. उरलेल्यांना ज्या सरकारी इमारतीत जायचं होतं ती अजून लोखंडी परांचीत उभी होती. घर मिळायचं ते उन्हाळ्यात, बस बंद होणार ती मार्चमध्ये.

त्या उरलेल्यांत सुगावारा-आजी होत्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूने हॉस्पिटलमध्ये होते. दुपारचं जेवण ते फक्त आजींच्या हातून घ्यायचे. नर्सेसनी प्रयत्न केला, म्हातारा तोंड मिटून घ्यायचा. म्हणून आजी रोज सकाळच्या बसने जायच्या, भरवायच्या आणि दुपारच्या बसने यायच्या. मला म्हणाल्या, "घरी होते तेव्हा माझ्या हातचं खारट लागायचं त्यांना. आता दुसऱ्या कुणाचं चालत नाही. छळायची रीत बदलली फक्त."

डिसेंबरच्या अधिवेशनात कुमागाई-सान यांनी मागणी केली: शेवटचं कुटुंब डोंगरावरून उतरेपर्यंत बस चालू ठेवा. नगराध्यक्षांनी वाचलं, "विचार करू." जपानी सरकारी भाषेत 'विचार करू' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, ती भाषा आपल्याकडेही चालते. तरी आम्ही थांबलो. आजी थांबल्या.

फेब्रुवारीत त्या बसचा चालक केस कापायला आला. कुमागाई-सान यांची कात्री त्याच्या कानामागे होती तेव्हा तो आरशाकडे बघत म्हणाला की एप्रिलपासून त्याला दुसरा मार्ग मिळाला आहे. गावाने हा मार्ग बंद करायचं बस चालवणाऱ्या कंपनीला शरद ऋतूतच कळवलं होतं. म्हणजे नगराध्यक्ष डिसेंबरमध्ये 'विचार करू' वाचत होते तेव्हा विचार होऊन गेला होता, निरोप गेला होता, चालकाची बदली झाली होती. फक्त आजींना कळवायचं राहिलं होतं.

मी स्टुलावरून उठले. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. चालक गेल्यावर कुमागाई-सान खाली पडलेले केस झाडत म्हणाल्या, "त्याचं नाव कुठे लिहायचं नाही. खुर्चीत ऐकलेलं खुर्चीत."

मार्चचं अधिवेशन. प्रश्नांचा शेवटचा दिवस, शेवटची पाळी. प्रेक्षकांच्या बाकांवर कासेत्सुतल्या काही बायका होत्या. तिथे नियम कडक: टोपी काढा, छत्री बाहेर, फलक नाही, टाळ्या नाहीत. सुगावारा-आजी नव्हत्या, त्या बसमध्ये होत्या. नगराध्यक्षांनी उत्तर वाचलं: सर्व बाजूंनी विचार केल्यानंतर सदर मार्ग बंद करण्यात येत आहे. मग आमची ती एकमेव वस्तू, दुसरा प्रश्न. कुमागाई-सान उभ्या राहिल्या आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"विचार कधी केलात? डिसेंबरमध्ये 'विचार करू' म्हणालात तेव्हा बस बंद करायचं ठरलेलं होतं. ते उत्तर खोटं होतं."

सभागृहात कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सभापतींनी घड्याळ थांबवलं आणि शांतपणे सांगितलं की शब्द मागे घ्या. कुमागाई-सान म्हणाल्या, नाही घेणार. मग ती वाक्यं इतिवृत्तातून काढायचा आदेश झाला. असं काढलेलं वाक्य छापील इतिवृत्तात नुसतं नाहीसं होत नाही, त्याच्या जागी आडवी रेघ येते. सभासद उभा राहिला, बोलला, रेघ, सभासद बसला. मी भारतात पोलिसांना पत्रकं जप्त करताना पाहिलं आहे. पण जप्तीनंतर माझं वाक्य निदान माझं राहायचं. इथे वाक्याच्या जागी इतकी नीटनेटकी रेघ ओढली होती की मला ती पोलिसांच्या काठीपेक्षा जास्त लागली.

लगेच शिस्तपालन समिती बसली. सगळे बहुमतवाल्या गटाचे, बहुतेकांचे केस कुमागाई-सान यांनीच कापलेले. त्यांनी विचारलं, खोटं म्हणायला पुरावा काय? त्या म्हणाल्या, ऐकलं आहे. कुणाकडून? ते सांगणार नाही. मग पुरावा नाही म्हणजे अपमान. शिक्षा ठरली: भर सभागृहात माफी. तिथल्या या शिक्षेत माफी आपण आपल्या शब्दांत मागायची नसते. मजकूर सभागृह लिहून देतं, आपण उभं राहून शब्दशः वाचायचा. वाचायला नकार दिला तर दुसरी शिक्षा, निलंबन. अंदाजपत्रकाच्या दिवशी सभागृहाबाहेर.

त्या संध्याकाळी कंटेनरमध्ये आमचं भांडण झालं. मी म्हटलं, वाचू नका, निलंबित व्हा, मी रात्रीत पत्रक काढते, गावाला कळू दे. मी म्हटलं, निदान चालकाचं नाव सांगा, तो खरं बोलला आहे, त्याला कसली भीती? शेवटचं वाक्य पुण्यात मी कुणाकडून ऐकलं असतं तर मीच त्याला दाराबाहेर काढलं असतं. कुमागाई-सान कात्र्या पुसत होत्या.

"त्याच्या डोक्यावर माझं हत्यार होतं तेव्हा तो बोलला," त्या म्हणाल्या. "आणि निलंबित झाले तर तुझं पत्रक गाजेल, रुतुजा-सान. पण अंदाजपत्रकाच्या दिवशी त्या खोलीत बस हा शब्द कोण उच्चारेल?"

मी घुश्श्यात सेंदाईला परत आले. अनिकेत, माझा नवरा, पोस्टडॉक. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ॲट द एंड ऑफ द डे निवडून त्या आल्या आहेत, तू नाही." नंतर भांडी घासता घासता म्हणाला, "आणि माझ्या प्रोफेसरच्या सासूबाई त्याच गावच्या आहेत. तुझं पत्रक त्यांच्या फ्रिजवर लावलेलं असतं. कालच मला म्हणाले, तुमच्या मिसेसना व्याकरण तपासून देऊ का." मी हसले नाही. व्याकरण मात्र त्यानंतर त्यांच्याकडूनच तपासून घेतलं.

पण समितीच्या बैठकीत कुमागाई-सान यांनी एक गोष्ट केली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. माफीच्या पहिल्या मसुद्यात 'अनुचित विधान केल्याबद्दल' एवढंच होतं. त्यांनी हात वर करून विचारलं होतं: कुठलं विधान? मी त्या दिवशी बरंच बोलले. नेमकी कशाची माफी मागते आहे ते लिहिलं नाही तर माफी अर्धवट राहील. आणि तुम्हाला सांगते, त्या सभागृहात लबाड माणसं होती, पण अर्धवट काम करणारा एकही नव्हता. परदेशात राहून मी जपानी माणसाबद्दल जे थोडं शिकले त्यात हे एक आहे. आपल्याकडच्या कुठल्याही मुरलेल्या नगरसेवकाने वास घेतला असता. त्यांनी घेतला नाही. मसुदा अपुरा आहे हे त्यांना पटलं, वाईटही वाटलं, आणि सभागृहाच्या कारकुनाने रात्री बसून तो पूर्ण केला.

माफीच्या दिवशी प्रेक्षकांचे बाक भरले होते. मी मागच्या रांगेत, ओठ चावत. कुमागाई-सान यांनी गडद निळा कोट घातला होता, जो त्या फक्त अंत्यविधीला घालत. व्यासपीठावर गेल्या, वाकल्या, चष्मा लावला. ऐकू कमी येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतात तशा, एकेक शब्द सुटा करत वाचू लागल्या.

"मी, सभासद कुमागाई, या सभागृहात असं म्हणाले की, नगराध्यक्षांनी डिसेंबरमध्ये 'विचार करू' असं उत्तर दिलं तेव्हा कासेत्सुची बस बंद करायचं आधीच ठरलेलं होतं, आणि म्हणून ते उत्तर खोटं होतं."

त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. सभापती पुढच्या कागदाकडे बघत होते. त्यांच्या मानेवर लाली चढत गेलेली मला मागच्या रांगेतूनही दिसली. थांबवणार कसे? मजकूर त्यांचा, सही त्यांची. एखाद्या सभासदाचे शब्द काढता येतात. सभागृहाने एकमताने मंजूर केलेला मजकूर सभागृह कसा काढणार?

"या विधानामुळे सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आली, याबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागते." हे त्यांनी तितक्याच सावकाश वाचलं, काहीही न वगळता. वाकल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. टाळ्यांना बंदी होती, कुणी वाजवल्या नाहीत. पण माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "खोटं होतं, असं म्हणाल्या ना?" पलीकडच्या म्हणाल्या, "हो. परत म्हणाल्या."

अंदाजपत्रकाच्या दिवशी त्यांनी बस चालू ठेवायची दुरुस्ती मांडली. पडली. तिथे बाजूने असणाऱ्यांनी उभं राहायचं असतं. कुमागाई-सान उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढच्या बाकावरचे एक म्हातारे मच्छीमार सभासद, समितीतलेच, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धे उठले, त्याच अवस्थेत जरा थांबले आणि परत बसले. अर्ध्या उठण्याची नोंद होत नाही. मला अजून त्या माणसाचा जितका राग येतो तितका नगराध्यक्षांचाही येत नाही.

मग माझं काम. आयुष्यात पहिल्यांदा मी असं पत्रक काढलं ज्यात माझा एकही शब्द नव्हता. माफीचा मजकूर, मोठ्या अक्षरांत, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मथळा नाही, टीका नाही. सायकलवरून गावातल्या प्रत्येक पत्रपेटीत टाकला, नगराध्यक्षांच्याही. दुसऱ्या दिवशी पार्लरचा फोन वाजला, मीच घेतला. परिवहन विभागातला तोच कारकून. त्याने फार नम्रपणे विचारलं की हा मजकूर आम्ही कुणाच्या परवानगीने छापला.

मी म्हटलं, "मजकूर सभागृहाचा आहे. छापताना काही चूक झाली असेल तर कळवा, दुरुस्ती छापू."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "चूक नाही. मी दोनदा ताडून पाहिला." आणि ठेवायच्या आधी, "शनिवारी केस कापायला येऊ का?"

मार्च संपता संपता गावाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. एप्रिलपासून, सरकारी इमारत तयार होईपर्यंत, 'आरोग्य-भेट वाहन' डोंगर ते हॉस्पिटल अशा फेऱ्या करेल. कुमागाई-सान यांच्या प्रश्नाचा उल्लेख नाही, बसचा नाही, डिसेंबरचा नाही. जणू कुणा अधिकाऱ्याला आंघोळ करताना सुचलं. मी संतापले. हे श्रेय चोरणं आहे, याच्याविरुद्ध पत्रक काढू, म्हणून मी पेन्सिल घेऊन बसले. त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. "वाहनाला चाकं आहेत का?" म्हणाल्या. "आहेत ना? मग नाव त्यांना ठेवू दे."

माझं समाधान तेवढ्यावर झालेलं नाही, आजही नाही. ते इतिवृत्त आता गावाच्या वाचनालयात बांधून ठेवलं आहे. एका पानावर रेघ. काही पानं पुढे सभागृहाच्या सहीने तेच वाक्य, पूर्ण. मी दोन्ही पानं पाहून आले. रेघेचा राग गेला नाही. ती ओढणारे अजून तिथेच बसतात, आणि त्यांना कधी कुणी माफी लिहून दिली नाही.

वाहन सुरू झालं त्या सकाळी आम्ही दोघी डोंगरावर गेलो. पांढरी लहान व्हॅन, नवा चालक. सुगावारा-आजी डबा छातीशी धरून आल्या. मला वाटलं, आता त्या आभार मानतील, कुमागाई-सान वाकतील, मी फोटो काढेन. आजींनी पायरीवर एक पाय ठेवला, गुडघा वर येईना म्हणून काढून घेतला, आणि वळून कुमागाई-सान यांच्याकडे बघितलं.

"पायरी उंच आहे," त्या म्हणाल्या. "बसची बरी होती. रोज दोनदा चढायचं, मला काय डोंगरावरची बकरी समजलात?"

आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. दार लागलं, व्हॅन उतार उतरून दिसेनाशी झाली. कुमागाई-सान यांनी हात झटकले.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "पायरी. जूनच्या अधिवेशनात विचारू. दुसरा प्रश्न कुणाला सांगू नकोस."